भाषेचा बिल्ला नंबर



गिरणीच्या दारात माणसाला नावानं कुणी ओळखत नाही, बिल्ल्याच्या नंबरानं ओळखतात. मस्टरवर नंबर आहे तर हजेरी आहे, हजेरी आहे तर पगार आहे. ज्याला नंबर नाही तो बदलीवाला. भोंगा होईपर्यंत दाराशी उभा राहायचं आणि जागा नाही म्हटलं की डबा घेऊन परत घरी यायचं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण भाषांनाही असाच एक बिल्ला असतो, त्यांचंही एक मस्टर असतं, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. त्याबद्दल आज चार शब्द सांगायचे आहेत.

कुणी म्हणेल, हे शिकल्यासवरल्यांचं काम, गिरणीवाल्यानं त्यात डोकं कशाला घालावं? आम्हीही चौथीच्या पुढं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण संयुक्त महाराष्ट्राची लढाई काय पदवीवाल्यांनी एकट्यांनी लढली? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनकडे जे मोर्चे निघाले, त्यांत गिरण्या बंद पाडून आलेला कामगार होता. १०६ हुतात्म्यांनी प्राण दिले तेव्हा १ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य झालं. ज्या भाषेसाठी एवढं मोल दिलं, तिचा हिशेब आजच्या यंत्रात कसा मांडला जातो हे पाहणं आपलं काम नाही तर कुणाचं?

बिल्ला म्हणजे काय

आपण ४० नंबर सूत म्हणतो. म्हणजे काय? ८४० वारांची एक लडी, अशा ४० लड्या एका रतलात बसल्या की ते ४० नंबर सूत. हे माप सोलापुरात सांगा, इचलकरंजीत सांगा की मँचेस्टरला सांगा, अर्थ एकच. भांडण नाही, घोळ नाही. सगळ्यांनी मिळून एकदा ठरवून घेतलं म्हणून व्यवहार चालतो.

भाषांचंही तसंच ठरवून घेतलेलं आहे. जिनेव्हात आंतरराष्ट्रीय मानक संस्था आहे, तिला आयएसओ म्हणतात. तिच्या ६३९ क्रमांकाच्या मानकात प्रत्येक भाषेला रोमी अक्षरांत एक खूण दिलेली आहे, तिला कोड म्हणतात. या कामाचा पाया १९६७ साली एका शिफारशीनं घातला गेला. आधी दोन-दोन अक्षरांचे कोड आले. ते आज सुमारे १८० भाषांना आहेत. दोन अक्षरांत जगातल्या सगळ्या भाषा मावेनात म्हणून १९९८ साली तीन अक्षरांची यादी झाली आणि २००७ साली ती वाढवून सात हजारांवर भाषांना बिल्ले दिले गेले. आपल्या मराठीचा दोन अक्षरी बिल्ला आहे ‘एम-आर’ आणि तीन अक्षरी ‘एम-ए-आर’.

हा बिल्ला कुठं लागतो? गोदामात कापडाची गाठ येते. हमाल गाठ उघडून बघत नाही, गाठीवरची छाप बघतो आणि ज्या त्या थप्पीला लावतो. यंत्राचं तसंच आहे. मोबाईलवर एखादं पान उघडतं, तेव्हा त्याच्या पोटात आपल्याला न दिसणारी एक चिठ्ठी असते : या पानाची भाषा अमुक. ती चिठ्ठी वाचून यंत्र ठरवतं की अक्षरं कोणत्या वळणाची दाखवायची, शब्द तपासायला कोणता कोश काढायचा, आंधळ्या माणसाला पान वाचून दाखवायचं तर कोणता आवाज लावायचा. ग्रंथालयाच्या सूचीतही हाच कोड असतो. चिठ्ठी नसली तर यंत्र अंदाज करतं. आणि अंदाजावर चालणाऱ्या कारभारात मार कुणाला बसतो हे आपल्याला माहीत आहे.

मराठीला बिल्ल्याची गरज जास्त का

तमिळ लिपी दिसली की भाषा तमिळ, हे यंत्राला डोळे मिटून कळतं. देवनागरीचं तसं नाही. ती एकटी मराठीची नाही. हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत अशा अनेक भाषांनी तेच वस्त्र पांघरलेलं आहे. म्हणून चिठ्ठी नसली की यंत्र धरून चालतं, देवनागरी म्हणजे हिंदी.

त्यानं काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खाचा. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी येतील. हा आडवा ऱ्य आपल्या लिहिण्यात रोज लागतो, हिंदीत त्याचं काम पडत नाही. ‘ळ’ची गतही तीच. हिंदीच्या साच्यातून मराठी नाव काढलं की कांबळे यांचे ‘कांबले’ होतात, काळे यांचे ‘काले’ होतात, गोळे यांचे ‘गोले’ होतात. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात हजेरीच्या यंत्रात एक नाव, पगाराच्या चिठ्ठीवर दुसरं आणि बँकेच्या पुस्तकात तिसरं, अशी एकाच कामगाराची तीन नावं झाली. पैसे अडकले, खेटे घालावे लागले, खाडे पडले. ज्यानं यंत्र बसवलं त्याचा एक पैसा बुडाला नाही.

अक्षराच्या वळणाचंही आहे. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, असं महाराष्ट्र सरकारनं २००९ साली निर्णय काढून ठरवून दिलं. पुष्कळ टंकांत दोन्ही वळणं भरलेली असतात. चिठ्ठीवर ‘एम-आर’ वाचलं की यंत्र मराठी वळण काढतं, नाही तर हिंदी वळण काढतं. बोलण्याचंही तेच. ‘चाक’मधला च आपण वेगळा बोलतो. हिंदी आवाजाला तो फरक ठाऊक नाही.

हे केवळ आपलंच दुखणं आहे असं समजू नका. युरोपात लात्व्हिया नावाचा देश आहे. तिथल्या भाषेत ‘एल’, ‘एन’ अशा काही अक्षरांखाली स्वल्पविरामासारखी खूण असते. तिकडे प्रशांत महासागरात मार्शल बेटं आहेत, त्यांच्या भाषेत त्याच अक्षरांखाली वळणदार शेपटी असते. यंत्राच्या अक्षरकोठारात दोघांना क्रमांक एकच मिळाला. मग खूण दाखवायची की शेपटी? भाषेचा कोड बघूनच ते ठरवता येतं.

इथं एक गोष्ट साफ सांगतो. हिंदी बोलणारा जो कामगार उत्तरेतून येऊन आपल्या शेजारच्या साच्यावर उभा आहे, तो आपला भाऊ आहे. त्याच्या भाषेशी आपलं वैर नाही. आपलं म्हणणं एवढंच की त्याच्या बिल्ल्यावर आपली हजेरी लावू नका आणि आपल्या बिल्ल्यावर त्याची लावू नका.

लात्व्हिया : ज्याला राज्य त्याला सगळं

लात्व्हिया देश केवढा? सगळी लोकवस्ती एकोणीस लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या पिंपरी-चिंचवड शहरात १७ लाख २७ हजार माणसं मोजली गेली. म्हणजे सांगवी, दापोडी, भोसरी, निगडी, चिंचवड अशी आपली गावं एकत्र केली की जवळजवळ एक लात्व्हिया होतो. एवढ्या लोकांतही सगळे लात्व्हियन बोलणारे नाहीत.

पण या भाषेचं मस्टरवरचं नाव बघा. भाषेचा कोड ‘एल-व्ही’. देशाचा कोड ‘एल-व्ही’. इंटरनेटवर प्रत्येक देशाला पत्त्याची शेपटी मिळते, जशी भारताची ‘.इन’. लात्व्हियाची शेपटीही ‘.एल-व्ही’. तिन्ही ठिकाणी एकच खूण. १ मे २००४ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषाही आहे. संघाचे कायदे त्या भाषेत निघतात.

हे सहज मिळालं काय? मुळीच नाही. १९०८ साली कार्लिस मीलेनबाख्स या भाषापंडिताच्या पुढाकारानं एक समिती बसली. जुनी जर्मन वळणाची लिहिण्याची रीत टाकून नवी, सोपी रीत तिनं घडवली. १९१८ साली देश स्वतंत्र झाला. १९४० साली सोव्हिएत सत्तेनं तो गिळला. १९८९ च्या मोजणीत आपल्याच देशात लात्व्हियन लोक शेकडा ५२ वर आले होते. १९८८ साली लोकांनी भाषेला पुन्हा राज्यभाषेचा मान मिळवून दिला आणि १९९१ साली देश पुन्हा मोकळा झाला. देश मोकळा झाल्यावर देशाचा कोड आला, पत्त्याची शेपटी आली, युरोपच्या सभेत खुर्ची आली. ज्याच्या हातात सातबारा, त्याच्या नावानं वीज आणि त्याच्याच नावानं पाणी, तसा हा प्रकार.

बास्क : राज्य नाही, तरी हजेरी पुरी

आता दुसरी भाषा घ्या, बास्क. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, डोंगराच्या दोन्ही अंगांना ही माणसं राहतात. बोलणारे सगळे मिळून आठ-नऊ लाख. युरोपातल्या शेजारच्या कुठल्याच भाषेशी या भाषेचं नातं लागत नाही. त्यांना स्वतःचा देश नाही. एक भाग एका देशात, दुसरा दुसऱ्यात. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको.

त्यांच्या बिल्ल्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जग त्यांना ‘बास्क’ म्हणतं, पण ते स्वतःच्या भाषेला ‘एउस्कारा’ म्हणतात. तीन अक्षरी यादीत त्यांच्या भाषेला दोन कोड आहेत. ग्रंथालयांच्या जुन्या सोयीचा ‘बी-ए-क्यू’, म्हणजे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव, आणि ‘ई-यू-एस’, म्हणजे त्यांनी स्वतः सांगितलेलं नाव. असे दोन-दोन कोड असलेल्या भाषा सगळ्या यादीत वीसच आहेत. दोन अक्षरी कोड मात्र त्यांच्याच नावावरून झाला, ‘ई-यू’.

पण पुढं घोटाळा झाला. ‘ई-यू’ ही दोन अक्षरं युरोपीय संघाचीही खूण. इंटरनेटवरची ‘.ई-यू’ ही शेपटी संघाला गेली. लात्व्हियाला जी शेपटी देश म्हणून मिळाली, ती बास्क भाषेला मिळेना, कारण त्यांना देश नाही. बास्क लोक रडत बसले नाहीत. त्यांनी खास या कामासाठी संस्था काढली, अर्ज केला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ साली ‘.ई-यू-एस’ ही शेपटी मिळवली. ती शेपटी कोणत्या देशाची नाही, एका भाषेची आणि ती बोलणाऱ्यांची आहे.

त्याआधी पन्नास वर्षांचं काम आहे. स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही १९७५ पर्यंत चालली. त्या काळात बास्क भाषा शाळेतून आणि सरकारदरबारातून हाकलली गेली, मुलांना बास्क नावं ठेवायलाही बंदी झाली. त्याच काळात, १९६८ साली, त्यांच्या भाषा अकादमीनं आरान्त्सासू इथल्या मठात बैठक भरवली. गावोगावच्या बोली वेगवेगळ्या होत्या, कुणाचा कुणाशी मेळ नव्हता. कोल्दो मिचेलेना या भाषापंडितानं पुढाकार घेतला आणि सगळ्यांना चालेल अशी एक लिहिण्याची भाषा ठरवायला सुरुवात केली. ‘एच’ अक्षर लिहायचं की नाही यावरून कडाक्याची भांडणं झाली. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम केले आणि शब्दांवरचे न बोलले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हा जे वाद झाले त्यातलाच तो मासला. पण भांडून झाल्यावर ते कामाला लागले. शाळा काढल्या, पुस्तकं छापली. १९७९ साली त्यांच्या स्पेनमधल्या प्रांताला स्वायत्तता मिळाली, १९८२ साली भाषेचा कायदा झाला. फ्रान्सच्या बाजूला आजही त्या भाषेला सरकारी मान नाही. युरोपीय संघाची ती अधिकृत भाषाही नाही. तरी तिची हजेरी रोज लागते.

दोघांची तुलना केली तर निष्कर्ष उघड आहे. लात्व्हियनला राज्यानं बिल्ला मिळवून दिला आणि राज्यच तो जपतं. बास्कचा बिल्ला लोकांनी जपला. कोडाची अक्षरं दोघांना सारखीच, दोन आणि तीन. मोठ्या भाषेला जास्त अक्षरं, धाकट्या भाषेला कमी, असा भेद या मस्टरवर नाही. भेद पडतो तो पुढच्या कामात.

आपण कुठं बसतो

आमच्या सांगवीच्या रस्त्यावर उभं राहून गाड्या बघा. पाटीवर ‘एम-एच १४’. एम-एच म्हणजे महाराष्ट्र, १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड. पण भाषांच्या यादीत ‘एम-एच’ हा कोड महाराष्ट्राच्या भाषेचा नाही, वर सांगितलेल्या मार्शल बेटांच्या भाषेचा आहे! आणि मराठीचा जो ‘एम-आर’, तो देशांच्या यादीत आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशाचा आहे, इंटरनेटची ‘.एम-आर’ शेपटीही त्यांचीच. म्हणजे लात्व्हियासारखं तिन्ही ठिकाणी एकच नाव आपल्याला मिळालेलं नाही. भारतासाठी २०१४ साली देवनागरीत ‘.भारत’ अशी शेपटी सुरू झाली, तिच्यात मराठी पत्ताही बसतो. पण ‘.ई-यू-एस’सारखी खास मराठीची शेपटी आपल्याकडे नाही.

या तपशिलात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. गाडीची पाटी राज्य बघून मिळते, म्हणून बेळगावच्या गाडीवर ‘केए २२’ असतं. भाषेचा बिल्ला राज्य बघत नाही. बेळगावात लिहिलेल्या मराठी पानाचा कोड ‘एम-आर’, पणजीत लिहिलेल्याचाही ‘एम-आर’, बडोद्यात, इंदुरात, तंजावरात लिहिलेल्याचाही ‘एम-आर’. नकाशावर १९५६ साली जी रेघ ओढली गेली, तिचा खटला महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. पण भाषेच्या या मस्टरवर रेघ नाहीच. तिथं सीमाभागातली मराठी आणि सांगवीची मराठी एकाच पानावर आहेत. ज्यांना कागदावर तोडलं, त्यांना इथं कुणी तोडू शकलेलं नाही.

एका मस्टरवर किती बिल्ले

एक शंका काही भाऊ काढतात. ते म्हणतात, या यादीत वऱ्हाडीला वेगळा बिल्ला आहे, अहिराणीला वेगळा आहे. हा मराठीत फूट पाडायचा डाव नाही काय?

आमचं मत ऐका. लात्व्हियात पूर्वेकडं लात्गालियन बोलतात. २०१० साली आयएसओच्या यादीत लात्व्हियनच्या ‘एल-ए-व्ही’ या एका छत्राखाली दोन बिल्ले झाले : प्रमाण लात्व्हियनचा ‘एल-व्ही-एस’ आणि लात्गालियनचा ‘एल-टी-जी’. देश फुटला काय? नाही. उलट लात्व्हियाच्या १९९९ च्या भाषा कायद्यातच लिहिलेलं आहे की लात्गालियनची लिहिण्याची परंपरा सरकार जपील. कोकणीचंही असंच, ‘के-ओ-के’ या छत्राखाली गोव्याची कोकणी वेगळी आणि दुसरी वेगळी असे दोन बिल्ले आहेत. १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळालेल्या कोकणीला दोन अक्षरी कोड मात्र आजही नाही. त्याचं आपल्याला वाईट वाटलं पाहिजे. शेजारणीच्या घरात दिवा नाही म्हणून आपल्या घरात उजेड वाढत नाही.

गिरणीत खान्देशचा, कोकणातला, घाटावरचा, वऱ्हाडातला कामगार एका पाळीत उभा राहिला. डबा उघडला की कुणाच्या डब्यात कळण्याची भाकरी, कुणाच्या डब्यात भात. भाषा ऐकून एकमेकांची थट्टा झाली, पण संपाच्या दिवशी दारावर सगळे एकत्र. प्रत्येकाचा बिल्ला वेगळा होता म्हणून युनियन फुटली नाही. बिल्ला नाकारला असता तर फुटली असती. अहिराणीला बिल्ला मिळाला म्हणून मराठीचं काही गेलं नाही. अहिराणी बोलणाऱ्या आईला मात्र एक दिवस तिच्या बोलीत बोलणारं यंत्र मिळायची वाट मोकळी झाली.

बिल्ला आहे, हजेरी कुठं?

आता कडू गोष्ट. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांवर होते. म्हणजे एका बास्क माणसामागे शंभराच्या आसपास मराठी माणसं. आपल्याला राज्य आहे, विधानसभा आहे, १९६४ चा राजभाषा कायदा आहे, २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. आणि इंटरनेटवरचा जो लोकांनी लिहिलेला फुकट ज्ञानकोश आहे, विकिपीडिया, त्यात बास्क भाषेचे लेख चार लाखांवर आहेत आणि मराठीचे लाखाच्या आसपास. आठ-नऊ लाखांनी चार लाख ताग्यांचा ढीग लावला आणि आठ कोटींनी एक लाखाचा. मग साचे कुणाचे बंद आहेत?

बिल्ला गळ्यात घालून दाराबाहेर उभं राहिलं तर पगार मिळत नाही. राज्य मिळालं, कोड मिळाला, दर्जा मिळाला. हे सगळे बिल्ले आहेत. काम आत जाऊन करायचं असतं. बास्क लोकांना राज्य नव्हतं म्हणून त्यांनी प्रत्येक दार स्वतः ठोठावलं. आपल्याला राज्य मिळालं म्हणून आपण समजलो की आता सरकार बघेल. सरकार बघत नाही, सरकारला बघायला लावावं लागतं. हे गिरणी कामगाराला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

आपल्या हाताशी असलेली कामं आम्ही इथं मांडतो.

पहिलं काम प्रत्येकाचं. मोबाईलमध्ये, पैसे काढायच्या यंत्रात, जिथं भाषा विचारतील तिथं मराठी निवडा. कंपन्या लोकांची निवड मोजतात. जनगणनेच्या वेळी मातृभाषा मराठी सांगणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच हे बोट दाबणं महत्त्वाचं. हिंदी-इंग्रजीवर भागतं म्हणून सोडून देणारा माणूस आपल्याच हातानं खाडा लावून घेतो.

दुसरं काम युनियनचं. आपली पत्रकं छापतो आणि त्यांचा फोटो काढून मोबाईलवर पाठवतो. फोटोतली अक्षरं पुष्कळ यंत्रांना नुसतं चित्र वाटतात. शोधायला गेलं तर सापडत नाहीत. पत्रक टंकलिखित पाठवा, आंतरराष्ट्रीय अक्षरक्रमांकात, म्हणजे युनिकोडमध्ये, आणि त्याच्या पोटातल्या चिठ्ठीवर भाषा मराठी लावा. पाच वर्षांनी कुणी संपाचा इतिहास शोधील तेव्हा आपला शब्द त्याच्या हाती लागेल, मालकाचा एकट्याचा नाही.

तिसरं काम मालकाकडून करून घ्यायचं. १९४८ च्या कारखाना कायद्यानं १०८ व्या कलमात अट घातली होती की सूचनांच्या पाट्या इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हव्यात. तेव्हा सूचना भिंतीवर असे, आता ती पडद्यावर येते. जागा बदलली म्हणून कामगाराचा हक्क बदलत नाही. हजेरीचं यंत्र, पगाराची चिठ्ठी, धोक्याची सूचना मराठीत हवी, आणि त्यात ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ धड उमटले पाहिजेत. पट्ट्यात हात जायच्या आधी सूचना वाचता आली पाहिजे.

चौथं काम सरकारचं. २००९ साली स्वतःच काढलेला अक्षरांचा निर्णय सरकारनं आपल्या खरेदीला लावावा. जे यंत्र मराठी कोड ओळखत नाही, मराठी वळण दाखवत नाही, त्याला सरकारी पैसा देऊ नये. एवढी एक अट घातली तर कंपन्या आठ दिवसांत मराठी शिकतील.

पाचवं काम फक्त आपणच करू शकतो. धोटा, कांडी, ताणा, बाणा, साचा, त्रासन, तागा, बदली, जॉबर, पाळी, भोंगा. हे शब्द पंडितांनी घडवले नाहीत, गिरणीत घडले. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर मुंबईत एकेक धुराडं पडत गेलं, आणि धुराड्याबरोबर शब्दही गाडले जाऊ लागले. आपल्यातले म्हातारे साचेवाले अजून बोलतात तोवर त्यांच्याजवळ बसा, शब्द आणि अर्थ लिहून घ्या आणि मराठीच्या खुल्या कोशांत घाला. बास्क लोकांनी अशाच गावोगावच्या शब्दांनी आपली भाषा भरली. आपल्या आज्या-पणज्यांच्या जमिनीचे कागद मोडी लिपीत आहेत. त्या मोडीलाही युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली, आणि ती मिळाली कारण कुणीतरी बसून तिचा अर्ज केला. लिहून ठेवलेलं मस्टरवर येतं, तोंडी राहिलेलं चितेबरोबर जातं.

बंधूंनो आणि भगिनींनो, भाषेचं राज्य एकदा मिळवलं की काम संपलं, असं आपल्याला सांगितलं गेलं. राज्य म्हणजे गिरणीचं दार उघडलं एवढंच. लात्व्हियन लोकांनी दार उघडून आत पाऊल टाकलं. बास्क लोकांनी दार नसताना भिंतीत दार पाडलं. आपलं दार १९६० पासून उघडं आहे आणि बिल्ला आपल्या छातीवर आहे.

भोंगा झाला आहे. पाळीवर चला.

— सांगवीचे गिरणी कामगार